बारा दिवस आणि एक खंड



फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाला जाणार आहोत. बारा दिवस. ग्वाल्हेरच्या घराला पाठ केल्यापासून पुन्हा त्याच उंबऱ्यावर चपला काढेपर्यंत बारा. गेल्या दोन महिन्यांत हे ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. "बाराच? एवढ्या लांब जायचं आणि बाराच दिवस?" दत्तमंदिरात विचारलं, भाजीवाल्याकडे विचारलं, मंडळाच्या सभेत तर दोघांनी एकाच वेळी विचारलं. म्हणून या महिन्याचं सदर त्या प्रश्नालाच देते.

बाराच, कारण घरी आई आहेत. माझ्या सासूबाई, वय ८८. चालतात, पेपर वाचतात, मेथी निवडताना माझ्यापेक्षा बारीक पाहतात. पण रात्री एकटं ठेवता येत नाही. वन्सं पुण्याहून येऊन राहणार आहेत. त्यांच्या मागेही लेकीचं घर आणि नातवाची शाळा आहे, त्यामुळे दोन आठवडे ही त्यांची हद्द. एक दिवस आमच्या निघण्याआधीचा, सगळं समजून घ्यायला, आणि एक आम्ही परतल्यानंतरचा, त्यांना गाडीत बसवून द्यायला. उरले बारा. वन्संचा धाकटा मुलगा, म्हणजे ह्यांचा भाचा, मेलबर्नला नोकरीला आहे. तो सहा वर्षं "मामा-मामी, या" म्हणतो आहे आणि आम्ही सहा वर्षं "येऊ, येऊ" म्हणतो आहोत. ह्यांची निवृत्ती झाली, पासपोर्ट झाले, दुबईला एक लग्नही उरकून आलो. आता सबब उरली नव्हती.

तर पहिली यादी ह्यांनी केली. दिवाळीच्या सुट्टीत, जुन्या डायरीत, लाल पेनाने. मेलबर्न, सिडनी, गोल्ड कोस्ट, प्रवाळ बघायला केर्न्स, मधोमध उभा असलेला तो तांबडा उलुरू, तिथून पर्थ, आणि "वेळ उरला तर" टास्मानिया. वेळ उरला तर! मी काही बोलले नाही. आतल्या खोलीतून शाळेच्या वेळचा नकाशा काढून आणला आणि टेबलावर ठेवला.

नकाशात ऑस्ट्रेलिया खाली उजव्या कोपऱ्यात असतो, आणि कोपऱ्यातली वस्तू आपल्याला लहानच वाटते. प्रत्यक्षात तो भारताच्या दुपटीहून मोठा आहे. भारत साधारण ३३ लाख चौरस किलोमीटर, ऑस्ट्रेलिया ७७ लाख. त्यातलं पश्चिम ऑस्ट्रेलिया हे एकटं राज्य आपल्या मध्य प्रदेशाच्या आठपट. सिडनी ते पर्थ सरळ रेषेत सुमारे ३,३०० किलोमीटर. दिल्लीहून दुबई जितकी लांब आहे त्याच्या दीडपट. त्या दोन शहरांमध्ये 'इंडियन पॅसिफिक' नावाची एक गाडी धावते, ती ४,३५२ किलोमीटर जाते आणि तिला तीन रात्री लागतात. आणि हे सगळं एकाच देशात, जिथे माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास. आपल्याकडे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना मध्ये गावं लागतात, चहा लागतो, कोणी तरी ओळखीचं लागतं. तिथे मधे बराच वेळ नुसता देश लागतो.

ह्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "विमानं आहेत ना."

आहेत. पण हिशेब करून बघा. २० फेब्रुवारीला आम्ही गाडीने दिल्लीला जाऊ आणि रात्री मावसभावाकडे राहू. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर-दिल्ली मार्गावर धुकं काय करतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारी सरता सरता ते विरळ होतं, तरी परदेशी विमान ज्या दिवशी असेल त्याच दिवशी गाडीने दिल्ली गाठायची, हे धाडस मी करत नाही. २१ला दुपारी विमान. दिल्लीहून मेलबर्न आणि सिडनी दोन्हीकडे थेट विमानं आहेत, साधारण बारा तासांची. तिकडचं घड्याळ फेब्रुवारीत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, त्यामुळे उतरायचं ते २२च्या सकाळी. परतताना २ मार्चला सकाळी विमान, संध्याकाळी दिल्ली, ३ला ग्वाल्हेर. म्हणजे बारातले चार दिवस जाण्यायेण्यात गेले. हातात राहिले आठ, आणि त्यातला पहिला अर्धवट झोपेत जाणार हे धरून चला. ह्यांच्या सात ठिकाणांसाठी देशातल्या देशात सहा विमानप्रवास. प्रत्येकाला हॉटेल सोडणं, तळावर लवकर पोचणं, उडणं, बॅगा घेणं, नवं हॉटेल शोधणं. अर्धा दिवस सहज, पर्थसारख्या ठिकाणी अख्खा. सहा प्रवासांत चार दिवस संपले. सात ठिकाणांना मिळून उरले साडेतीन.

मला हे आकडे मांडताना आपल्याच शहरातलं दृश्य दिसत होतं. आग्र्याहून ग्वाल्हेर १२० किलोमीटर. सकाळी गाड्या येतात, पाहुणे उतरतात, किल्ल्यावर मानमंदिराच्या निळ्या टाइल्ससमोर फोटो, सासबहूच्या देवळापाशी नावाचा विनोद, जयविलासमध्ये जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी, आणि जेवून लगेच ओरछा. दुपारी तीनला शहर रिकामं. 'ग्वालियर झालं.' किल्ल्याच्या वाटेवर चतुर्भुजाचं एवढंसं देऊळ आहे, त्यात इसवीसन ८७६चा शिलालेख आहे, आणि त्यात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. तेवढंच पाहायला जगभरातून गणिती येतात. पण यादीतले प्रवासी त्या दारावरून उतरून जातात. गाडी खाली उभी असते. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी बसून संध्याकाळ होऊ द्यायला कोणाला वेळ नसतो. आपण लष्करची माणसं यावर वर्षानुवर्षं हळहळतो. समजा, सिडनीचं एखादं जोडपं आपल्या बाड्यावर भेटलं आणि म्हणालं, आठ दिवसांत काश्मीर, जयपूर, मुंबई, गोवा, केरळ आणि जमलं तर अंदमान, तर आपण त्यांना चहा पाजू आणि ते गेल्यावर हसू.

हे मी बोलून दाखवलं. ह्यांनी डायरी मिटली. उघडली दोन दिवसांनी, पण या वेळी पेन्सिल होती.

कुठे जायचं याआधी कधी जायचं हे ठरवावं लागतं, आणि ते आमच्याकडे आईंच्या प्रकृतीने ठरवलं. सगळे म्हणाले, मे महिन्यात जा, इथली आग चुकेल. आमची चुकेल, त्यांची? ग्वाल्हेरचा मे म्हणजे ४५ अंश, नवतपा, आणि दुपारी दोनला वीज गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा. अशा दिवसांत ८८ वर्षांच्या बाईला सोडून जाण्यात मला रस नव्हता. डिसेंबर-जानेवारीत थंडीने त्यांची छाती धरते. उरतो तो फेब्रुवारीचा उत्तरार्ध, जेव्हा आमच्या गच्चीत ऊन हवंसं असतं आणि रात्री एक रजई पुरते.

आता गंमत पाहा. तिकडे ऋतू उलटे, हे आपण भूगोलात शिकतो आणि विसरतो. आपला फेब्रुवारी हा त्यांचा उन्हाळ्याचा शेवट. दक्षिणेकडे, म्हणजे मेलबर्न-सिडनीकडे, हा उत्तम काळ: दिवस मोठा, सूर्य आठच्या सुमारास मावळतो. पण उत्तरेकडे केर्न्सला तोच काळ पावसाचा, आणि नोव्हेंबर ते मे तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. पाण्यात उतरायचं तर अंगभर पोशाख घालून. प्रवाळाची ती रांग २,३०० किलोमीटर लांब आहे आणि निवांत पाहायची तर जून ते ऑक्टोबर चांगलं. केर्न्स आपोआप गळलं. कोणी मेमध्येच जाणार असेल, मुलांच्या सुट्ट्यांमुळे, तर त्यांनी नेमकं उलट करावं: मेलबर्नची थंडी सोडावी आणि उत्तरेला जावं. गोल्ड कोस्ट मला पटलंच नव्हतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या उंच इमारती मुंबईत फुकट दिसतात. (यावर भाचेसुनेचा आक्षेप नोंदवून ठेवते.) टास्मानियाबद्दल वाचलं ते इतकं सुंदर होतं की दीड दिवसात उरकण्याची लाज वाटली. पर्थ अंतरानेच गेलं.

राहिला उलुरू.

यावर घरात तीन आठवडे चर्चा झाली, आणि ती खरी चर्चा होती. ह्यांना तो दगड लहानपणापासून पाहायचा आहे. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं, एयर्स रॉक या नावाने. सपाट वाळवंटातून एकदम ३४८ मीटर वर आलेला वालुकाश्म, साडेतीन किलोमीटरहून लांब. आपला किल्लाही वालुकाश्माच्याच टेकडीवर, लांबीही तीन किलोमीटरच्या आतबाहेर. रोज सकाळी ज्याच्याकडे पाहून दात घासले त्याचा हा कोण लांबचा नातेवाईक, असं ह्यांना वाटत आलं आहे. अनंगू लोकांचं ते पवित्र ठिकाण. २६ ऑक्टोबर १९८५ला ती जमीन त्यांच्या नावावर परत करण्यात आली, आणि बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९पासून, वर चढणं बंद झालं. चढता येत नाही याचं ह्यांना वाईट वाटलं नाही. "देवळाच्या कळसावर कोण चढतं?" म्हणाले. भोवतीने चालायचं होतं, दहा-अकरा किलोमीटरची प्रदक्षिणा.

माझ्या बाजूला दोन गोष्टी होत्या. एक, फेब्रुवारीत तिथे दुपारी ३५च्या वर पारा असतो, चालायचं ते सकाळी अकराच्या आत. यावर हे हसले. ग्वाल्हेरच्या माणसाला ३५चा धाक काय घालायचा. दुसरी गोष्ट बोलायला जड होती. मेलबर्न किंवा सिडनीत असताना घरून फोन आला, तर त्या दिवशीच्या थेट विमानात जागा मिळाल्यास चोवीस-तीस तासांत आपण लष्करात असू. उलुरूहून आधी सिडनी-मेलबर्न गाठायचं, साडेतीन तासांचं मोजक्याच वेळांचं विमान. ते चुकलं की एक दिवस गेला. रस्त्याने म्हणाल तर जवळचं शहर ॲलिस स्प्रिंग्ज, तेही साडेचारशे किलोमीटर. आई आजारी नाहीत. पण ८८ म्हणजे ८८.

हे आम्ही हळू आवाजात बोलत होतो, आणि आईंना कमी ऐकू येतं अशी आमची समजूत आहे. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मला साधा ताप आला तर कळवायचं नाही. मोठं काही झालं तर लपवायचं नाही. आणि सुमारे कोणती गोष्ट मोठी, ते तुझी बहीण ठरवेल, तू नाही." ह्यांच्याकडे पाहून. मग आमटी मागितली.

त्यानंतर बरीच कामं सोपी झाली. डॉक्टरांकडे वन्संना घेऊन जायचं ठरलं, म्हणजे त्यांची ओळख होईल. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर सही कोणाची, पैसे कुठून, हे कागदावर लिहिलं. तिकिटं थोडी महाग पण तारीख बदलता येणारी घेतली. लांबच्या देशात छोट्या सुट्टीसाठी जाणाऱ्या आणि घरी वडीलधारं माणूस असणाऱ्या प्रत्येकाला मी हा एक खर्च करायलाच सांगेन. आणि उलुरू पेन्सिलीनेच खोडला गेला. ह्यांनी खोडला, मी नाही. खोडल्याची खूण अजून दिसते.

दूरच्या मोठ्या देशी जाण्याची गोष्ट आपल्या ग्वाल्हेरशी जुनी जोडलेली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर निघाले ते बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, म्हणून. कोकणातल्या माणसाला उत्तर हिंदुस्थान तेव्हा परदेशच. वाटेत बंड उसळलं, आणि झाशी-ग्वाल्हेर पाहून परत घर दिसायला वर्षं लागली. त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला १९०७मध्ये. घरच्यांना त्या काळात काय कळत असेल, आणि केव्हा? आमच्याकडे रोज तिकडचे रात्री नऊ, इथले दुपारचे साडेतीन, आई झोपून उठल्यावर, अशी फोनची वेळ बांधून झाली आहे. वन्संनी बजावलं आहे की व्हिडिओ कॉल एकदाच करा, दिवसभर समुद्र दाखवत बसू नका.

तर काय उरलं ते सांगते. दोन शहरं आणि एक रस्ता.

मेलबर्नला उतरायचं, सिडनीहून परत निघायचं. ही युक्ती भाच्याची, आणि मोलाची. एकाच शहरात ये-जा केली असती तर फक्त विमानतळासाठी उलटं यावं लागून एक दिवस वाया. जायचं एका दाराने, यायचं दुसऱ्या, एवढ्याने आठातला एक दिवस वाचतो. मेलबर्न-सिडनी रस्ता पावणेनऊशे-नऊशे किलोमीटरचा, विमान दीड तासाचं. तेवढा एकच प्रवास आत आहे.

मेलबर्नमध्ये भाच्याचं घर, त्यामुळे पहिला दिवस झोपेचा, दुसरा गप्पांचा. शहराच्या मध्यभागातली ट्राम फुकट आहे, तेव्हा पाय दुखेपर्यंत चालायचं आणि मग ट्राममध्ये बसायचं असा माझा बेत. २४ फेब्रुवारी मात्र ह्यांची. त्या दिवशी मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, तेही आत जाऊन, माहिती सांगणाऱ्या माणसाबरोबर. तारीख का, ते ग्वाल्हेरकरांना कळलं असेलच. २४ फेब्रुवारी २०१०, आपलं कॅप्टन रूपसिंह स्टेडियम, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन नाबाद २००, चेंडू १४७. हे त्या दिवशी स्टँडमध्ये होते, आणि मला वाटतं आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा ही तारीख ह्यांना चटकन आठवते. ज्या हॉकीवीराच्या नावाचं ते मैदान आहे, त्या रूपसिंहांनी १९३२ आणि १९३६ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. मैदानही मुळात हॉकीचंच होतं. मेलबर्नचं मैदान लाखभर माणसांचं, आणि जगातला पहिला कसोटी सामना तिथेच झाला, मार्च १८७७मध्ये.

मी ह्यांना एकच गोष्ट आठवण करून देते. एकदिवसीय सामन्यात पहिलं द्विशतक सचिनचं नव्हे. ते बेलिंडा क्लार्क या ऑस्ट्रेलियन बाईंचं, नाबाद २२९, डिसेंबर १९९७मध्ये, आणि तेही आपल्या मुंबईत. सिडनीच्या क्रिकेट मैदानावर २०२३पासून तिचा पुतळा उभा आहे. तो माझ्या वाट्याचा. दोन मैदानं, फिट्टंफाट.

रस्ता म्हणजे ग्रेट ओशन रोड, २४३ किलोमीटर, डावीकडे समुद्र. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो खोदून काढला, युद्धात न परतलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ. लोक सकाळी मेलबर्नहून बसने निघून 'ट्वेल्व्ह अपोसल्स' हे समुद्रातले सुळके पाहून रात्री परत येतात, बारा-तेरा तास. (बारा नाहीतच ते, २००५च्या जुलैत आणखी एक कोसळला.) भाचा म्हणाला, मामी, तसं नको, मधे एक रात्र राहू. म्हणून २५ची रात्र वाटेतल्या लहानशा गावात. आमच्यासारख्या नदीलाही पारख्या झालेल्या गावातून आलेल्यांना – स्वर्णरेखेला आता नदी म्हणायला जीव धजत नाही – सकाळी उठून खिडकीत समुद्र असणं पुरेसं आहे. याच दिवसांत फिलिप बेटावरचे पेंग्विनही बसत होते, पण ते येतात सूर्यास्तानंतर, आणि परतायला मध्यरात्र. पेंग्विन गेले. भाचेसून हळहळली.

सिडनी तीन रात्री. ऑपेरा हाऊस, पूल, मॅन्लीला जाणारी अर्ध्या तासाची फेरीबोट. ह्यांच्या मते हीच सर्वांत स्वस्त समुद्रसफर, कारण बसच्या भावात मिळते. गाडीला, बोटीला नेहमीचं कार्ड टेकवून चालतं.

व्हिसाचं थोडक्यात. वर्ग ६००, पर्यटकांचा, अर्ज सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. शुल्क बहुधा दर जुलैत बदलतं, तेव्हा ते तिथेच पाहावं, व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्यावर विसंबू नये. बँकेचे कागद, पेन्शनचा कागद, भाच्याचं पत्र. वयस्कर मंडळींना वैद्यकीय तपासणी सांगू शकतात, त्यासाठी वेळ राखावा. तुम्ही परत येणार आहात हे त्यांना पटवून द्यायचं असतं. आमचं परत येण्याचं कारण त्या वेळी ओसरीत मेथी निवडत बसलं होतं. त्याचं वय आणि नातं आम्ही अर्जात लिहिलं. व्हिसा ईमेलने आला. पासपोर्टवर शिक्का नाही, म्हणून आईंना तो खरा वाटत नाही. विमा मात्र न विसरता. तिथले दवाखाने आपल्या पर्यटकांना मोफत नाहीत. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

खरा घोळ खाऊचा आहे. नातवाकडे रिकाम्या हाताने जायचं, ही कल्पना आईंना मान्य नाही. त्यांची यादी: मुरैन्याची गजक, नया बाजारातले बहादुराचे लाडू, घरचे पेढे, मेतकूट, गोडा मसाला, मुखवासाची सुपारी-बडीशेप, आणि अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या, "तिला कुंडीत लावायला". ऑस्ट्रेलिया चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला, तिथल्या गायी-मेंढ्यांना लाळ्या-खुरकुताचा रोग नाही, तो बाहेरून येऊ नये म्हणून सरकार डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. आपल्याकडे तो रोग आहे, म्हणून आपली दुधाची मिठाई तिथे चालत नाही. पेढे नाहीत, बर्फी नाही, सोनपापडीसुद्धा नाही. बी-बियाणं, ताजी फळं, रोपं तर अजिबात नाहीत, तुळस असली तरी. चपलांना माती असेल तर तीही धुऊन जायचं. बाकी जे काही खायचं न्याल ते विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर जाहीर करायचं. जाहीर केलेलं त्यांना पटलं नाही तर ते ठेवून घेतात, एवढंच. लपवलेलं सापडलं तर दंड मोठा, आणि पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो.

शेवटी तडजोड अशी: कारखान्यात पॅक झालेली, वर घटक छापलेली गजक आणि मसाले, सगळं एका पिशवीत, वरच्यावर, फॉर्मवर 'हो' लिहून. लाडवांच्या तुपाबद्दल नियम शोधत बसण्यापेक्षा लाडू नकोतच असं मी म्हटलं. आईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मग त्याला सांग, लाडू इथेच आहेत, येऊन खा." त्याच्या सहा वर्षांच्या "या, या"ला हे उत्तर बरं आहे, आणि मी ते त्याला शब्दशः कळवलं आहे.

१ मार्च अजून कोरा आहे. सिडनीतला आमचा शेवटचा पूर्ण दिवस. ब्लू माउंटन्सला दोन तासांची रेल्वे जाते, तीन शिळांचा तो सुळका आणि खाली दरी, असं भाचा सुचवतो. तिथल्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबाने जेवायला बोलावलं आहे. हे म्हणतात, आदल्या दिवशी ठरवू. दोघांच्या संसारात आदल्या दिवशी ठरवलेला हा पहिलाच दिवस असेल, तेव्हा मी तो कोराच ठेवते आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे राहून आलं असेल तर जरूर लिहा, पण एकच ठिकाण लिहा, यादी नको.

वन्सं १९ला सकाळच्या गाडीने येतात. त्या दिवशी त्यांना गोळ्यांच्या डब्या, इन्व्हर्टरचं बटण, दुधाचं कूपन आणि आईंची रात्रीची काठी कुठे असते ते दाखवायचं आहे. आई म्हणतात, काठीचं त्या स्वतःच दाखवतील.